संध्याकाळच्या दुधाचा वास

पहिल्या दिवशी मला वाटलं, दूध बुडाला लागलं.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. शाळेतून येऊन मी हातपाय धुतले, दुधाचं भगोनं गॅसवर ठेवलं आणि चहासाठी आलं ठेचायला घेतलं. दूध वर यायच्या आतच घरभर वास सुटला. जळका वास, आणि त्याच्या मागून काहीतरी तिखट, नाकात चढणारं. मी गॅस बंद केला, पळीने बूड खरवडून पाहिलं. बुडाला काही नव्हतं. दूध पांढरं स्वच्छ, कडेने साय धरू लागलेलं. चमचाभर तोंडात घेतलं आणि तसंच मोरीत जाऊन थुंकलं.

"भगोनं नीट घासलं नसशीन," सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या.

"घासलंय आई."

"मंग गॅस मोठा ठेवला असशीन."

दारात गल्लीतल्या मावशी उभ्या होत्या. त्या याच वेळेला दूध न्यायला यायच्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "काय मॅडम, आज दुधाले फोडणी देली का?" आम्ही तिघीही हसलो. त्या दिवशी हसलो होतो, हे मला चांगलं आठवतं.

मी मूळची बुऱ्हाणपूर शहरातली. वडील कापडाच्या दुकानात हिशेब पाहायचे, घरात शेतीचा वारा नव्हता. लग्न होऊन दापोऱ्याच्या पुढे, तापीकाठच्या या गावात आले. सासरी केळी, थोडा कापूस, गोठ्यात एक दुभती म्हैस. मी शहरातल्या एका हिंदी शाळेत जीवविज्ञान शिकवते. सकाळी स्कूटीने जाते आणि उन्हं कलताना परत येते. गल्लीतल्या बायका मला नावाने किंवा नात्याने हाक मारत नाहीत, मॅडम म्हणतात. या शब्दात नुसता मानच आहे, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

मावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. सासूबाईंची आणि त्यांची माहेरं रावेरकडची, दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आल्या. एकीच्या घरी भाजी झाली की वाटी दुसरीकडे जायची, असं ते नातं. मावशींचा नवरा फार पूर्वीच गेला. मुलगी नेपानगरला दिलेली. त्या वर्षी गुडघे धरले म्हणून त्यांनी आपली गाय मुलीच्या सासरी पाठवली आणि आमच्याकडून दूध न्यायला लागल्या. आल्या की आधी गोठ्यात जायच्या, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायच्या, तिच्याशी बोलायच्या. "माय माही, दमली का आज?" गाय गेल्यापासून त्यांच्या हाताला करमत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध ठीक होतं. संध्याकाळी तापवायला ठेवलं आणि पुन्हा तोच वास. मग हे रोजचंच झालं. सकाळी नुसता भास व्हावा इतपत, संध्याकाळी नाक धरावं इतका. धारेचं ताजं दूध हुंगलं तर फारसं कळायचं नाही. तापायला लागलं की वास जागा व्हायचा. आम्ही भांडी चिंचेने घासली, राखेने घासली, धारेची बादली नवी आणली. चाऱ्याची गंजी उपसून पाहिली, बुरशी कुठे दिसली नाही. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी म्हशीची कास दाबून पाहिली, दूध तळहातावर घेऊन हुंगलं. "थन तो बिलकुल ठीक है भाभीजी, बर्तन देखिए," म्हणाले आणि गेले. डेअरीवर नवऱ्याने कॅन नेला, तर तिथल्या माणसाने झाकण उघडून तसंच परत लावलं. चारचौघांत. नवरा घरी आला तो कॅन उपडा करून झोपाळ्यावर बसला. दुधाचा ओघळ अंगणातून गटारीकडे जाताना आम्ही सगळे पाहत होतो.

मग कळलं की आमच्या एकट्याच्या घरी हे होत नाही. गल्लीत आणखी दोन घरी तसंच दूध निघत होतं. त्यातलं एक समोरच्या वहिनींचं. त्याच आठवड्यात त्यांचं पारडू मेलं. त्या पारडाला आधीपासून जुलाब होत होते, हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते मेल्यावर जुलाबांचं नाव कोणी काढलं नाही.

पहिल्यांदा कोण बोललं ते मला माहीत नाही. अशा गोष्टी पहिल्यांदा कोणीच बोलत नाही, सगळे त्या दुसऱ्याकडून ऐकलेल्याच सांगतात. मी ऐकलं ते नळावर. वहिनी सासूबाईंना म्हणत होत्या, "आत्याबाई, सकाळचं दूध बरं राहते न? अन संध्याकाळचंच बिघडते. मंग संध्याकाळी तुमच्याकडं कोण येते, ते पाहा न."

सासूबाईंनी हंडा भरला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि निघाल्या. मला वाटलं, त्या ते बोलणं उत्तर द्यायच्याही लायकीचं समजल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या मनातल्या मनात दिवस जुळवून पाहतायत. मावशी दूध न्यायला कधीपासून लागल्या, वास कधीपासून सुरू झाला. ते जुळत होतं. मीही जुळवून पाहिलं होतं.

गोठ्याच्या दाराला लिंबू-मिरची आली. मग बिब्बा आला. मग एक दिवस मी शाळेतून आले तर म्हैस नेहमीच्या खुंट्याला नव्हती, आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बांधलेली होती आणि गोठ्याच्या दाराला पोत्याचा पडदा होता. मावशी आल्या. त्यांनी पडदा पाहिला. पायातल्या चपला काढत होत्या, त्या तशाच राहू दिल्या.

सासूबाईंनी घरातूनच सांगितलं, "सूनबाई, त्यांचं दूध बाहेरच दे."

'त्यांचं' हा शब्द मी सासूबाईंच्या तोंडून मावशींसाठी पहिल्यांदा ऐकला. एरवी त्या एकमेकींना अगं-तूगं करायच्या, भांडायच्या, हक्काने शिव्याही द्यायच्या.

मी भांडं घेऊन बाहेर गेले. मावशींनी त्यात वाकून पाहिलं. "वास येते न अजून?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"माह्या घरी नेऊन तापवलं तरी येते. मी तसंच पिते." त्या माझ्याकडे न पाहता पडद्याकडे पाहत होत्या. "लोकं माह्याबद्दल बोलतात ते तुह्या सासूले खरं वाटते का, मॅडम?"

मी म्हणाले, "नाही मावशी, काहीतरीच काय." हे म्हणताना आत सासूबाई ऐकत असतील म्हणून मी आवाज चढवला होता. आतून काहीच आलं नाही. त्यानंतर मावशी दूध न्यायला आल्या नाहीत. वास मात्र येतच राहिला, आणि त्याचाही अर्थ लावणाऱ्यांनी लावला. आता ती घरात बसून करते, असं गल्लीत बोललं जाऊ लागलं.

रविवारी मी नवऱ्याचा डबा घेऊन शेतावर गेले. नाल्याच्या कडेला आमचा जुना केळीचा बाग होता. शेवटचे घड उतरवून झाले होते, उन्हाळ्याच्या आत खोडं काढायची म्हणून बाग तसाच सोडला होता. पाणी अजून सुटत होतं, ठिबकच्या नळ्या दोनतीन जागी फुटून खाली चिखल झाला होता. घड कापलेल्या बागेत दिवसाही उजेड कमी असतो. वाळकी पानं खोडांभोवती लोंबत होती, वारा आला की एकमेकांवर घासत होती. काळ्या पडलेल्या कापांमधून पाणी ठिबकत होतं. आमची म्हैस त्या बागेत मधोमध बांधलेली, खाली मान घालून चरत होती.

तिच्याकडे जाताना माझ्या पायाखाली काहीतरी चिरडलं आणि तो वास आला.

मी जागीच थांबले. चूल नाही, गॅस नाही, दूध नाही, आणि केळीच्या बागेत तोच वास, तिखट, जळका. क्षणभर माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मग मी खाली पाहिलं.

सगळ्या जमिनीवर एक हिरवं तण पसरलेलं होतं. उभं राहून पाहिलं तर कोथिंबीर दाट उगवून कोणीतरी तुडवली असावी असं वाटावं. खाली बसल्यावर त्याची ठेवण दिसली. प्रत्येक रोप मध्यभागी मातीला चिकटलेलं, आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या फांद्या चारी बाजूंना आडव्या गेलेल्या. एकही फांदी वर मान काढून नव्हती. पानं गाजराच्या पाल्यासारखी बारीक कातरलेली. फुलं आहेत की नाहीत, हेच कळेना. फांद्यांवर हिरवट ठिपक्यांचे छोटे तुरे होते तेवढेच. मी एक पान दोन बोटांत चोळलं आणि नाकाजवळ नेलं. डोळ्यांत पाणी आलं.

शाळेचं भिंग पर्समध्ये असतंच. मी एक तुरा तोडून उजेडात आणला.

मोहरीचं फूल मी दरवर्षी फळ्यावर काढते. चार पाकळ्या, फुलीसारख्या समोरासमोर. सहा पुंकेसर, चार उंच, दोन बुटके. मग लांब शेंग, वाळली की दोन्ही बाजूंनी उघडणारी. मोहरीच्या कुळातली सगळी झाडं थोड्याफार फरकाने अशीच असतात, मुलांना ओळखायला सोपी. भिंगाखालचं फूल मोहरीच्या एका दाण्याएवढं होतं. पाकळ्यांखालची चार हिरवी निदलं दिसली. पाकळ्या मला सापडेनात, मग नीट पाहिल्यावर केसाएवढे पांढरे तुकडे दिसले, नसल्यासारखेच. सहाऐवजी दोनच पुंकेसर. मी दुसरं फूल पाहिलं, तिसरं पाहिलं, सगळीकडे दोनच. या कुळाची म्हणून जी खूण आम्ही शिकवतो, ती जवळपास सगळी या झाडाने गिळून टाकली होती.

ओळख पटली ती फळावरून आणि वासावरून. शेंग नव्हतीच. दोन चिमुकले सुरकुतलेले गोळे एकमेकांना चिकटून, चष्म्याच्या दोन काचांसारखे. नखाने दाबलं तर मधोमध तुटून दोन तुकडे झाले, पण उघडला एकही नाही. प्रत्येकात एकेक बी, बंद. मोहरीची शेंग पिकली की बी सांडून मोकळी होते. हे बी आपल्या कवचासकट मातीत जातं आणि कवच कुजेपर्यंत तिथेच गप्प पडून राहतं. कॉलेजात असताना आमच्या बाईंनी हे झाड एकदा कुंडीत दाखवलं होतं. बाहेरच्या देशातून आलेलं, हाळिवाच्या जवळच्या नात्यातलं, थंडीत ओलसर सावलीत वाढणारं, आणि जनावराने खाल्लं तर दुधात उतरणारं. हे शेवटचं त्या बोलता बोलता म्हणाल्या होत्या. आमच्या बागेत ते कसं आलं, कोण जाणे. शेणखतातून, रोपांच्या पिशव्यांतल्या मातीतून, कोणाच्या तरी बैलाच्या खुरातून. गावात कोणाकडे त्याला नाव नव्हतं, कारण कोणी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"तुम्ही म्हैस इथे कधीपासून बांधताय?" मी नवऱ्याला विचारलं.

"घड उतरले तेव्हापासून. संक्रांतीच्या आसपास."

"आणि समोरच्यांची?"

"त्यांची त्यांच्या बागेत. नाल्याच्या कडेनं सगळ्यांचंच असं हिरवं झालंय, फुकटचा चारा." तो बोलता बोलता थांबला. मी त्याच्या हातात चोळलेलं पान दिलं. त्याने हुंगलं, आणि लगेच हात विजारीला पुसला.

दिवसभर म्हैस इथे चरते, म्हणून संध्याकाळचं दूध नासतं. रात्री ती गोठ्यात सुका चारा खाते, म्हणून सकाळी वास कमी. मावशींचा याच्याशी काही संबंध नव्हता. त्यांची आमच्या दारात यायची वेळ आणि दूध तापवायची वेळ एक होती, बस.

"आत्ताच म्हैस घरी न्या," मी म्हणाले. "आणि मी मावशींकडे जाते."

आम्ही मुळासकट उपटलेलं तण पिशवीत भरून घरी आलो तेव्हा उन्हं अजून होती. गल्लीच्या टोकाला, मावशींच्या घरासमोर माणसं उभी होती. वहिनींच्या घरच्यांनी डोंगराकडून एक भगत आणला होता. तो गल्लीतून चालत गेला होता आणि त्या दारासमोर थांबला होता, असं मला कोणीतरी सांगितलं. तो कुठे थांबणार हे त्याला आधीच सांगितलेलं होतं की काय, हे विचारायची ती वेळ नव्हती. मावशी उंबऱ्यावर बसलेल्या होत्या, हात गुडघ्यांवर. कोणी त्यांना हात लावत नव्हतं, कोणी ओरडतही नव्हतं. भगत वाकून त्यांच्या उंबऱ्याबाहेर कुंकवाची रेघ ओढत होता, आणि सगळे ती रेघ सरळ येते की नाही हे बघावं तसं बघत होते.

मी पिशवी उघडली. तण दाखवलं, पानं चोळून पुढे धरली, म्हणाले, हुंगा, हाच वास आहे, हे झाड म्हशी खातायत म्हणून दूध बिघडतंय. माझा आवाज वर्गात येतो तसा येत होता, ते मला ऐकू येत होतं. एकदोघींनी मान पुढे केली आणि लगेच मागे घेतली. मागून एक पुरुष म्हणाला, "मॅडम, शाळेतलं शाळेत." कोणीतरी हसलं. त्या हसण्यानंतर माझं कोणी ऐकलं नाही.

मी आमच्या घराकडे पाहिलं. दार बंद होतं. दिवसाढवळ्या आमचं पुढचं दार मी कधी बंद पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटीवर निघाले तर मावशी एक पिशवी घेऊन रस्त्याला उभ्या होत्या. मी थांबले. "मावशी, म्हैस आता तिकडे जाणार नाही. दोन दिवसांत दूध सुधारेल, मग सगळे गप्प होतील. थांबा."

"तुह्यं झाड खरं असंन," त्या म्हणाल्या. "तू शिकलेली आहे, खोटं काहून सांगशीन. पण तुह्या सासूनं दार लावून घेतलं, मॅडम. बाकीच्यांचं मले काही नाही." बस आली. चढताना त्यांचा गुडघा अडला, मी हात दिला, तो त्यांनी घेतला.

त्या नेपानगरला मुलीकडे गेल्या, आणि त्याच संध्याकाळी आमचं दूध बरंच निवळलं. तिसऱ्या दिवशी पूर्ण स्वच्छ.

हे असं होणार, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. नवऱ्याने बाकीच्या दोन्ही घरी सांगून त्यांचीही जनावरं बागेतून हलवली होती, तिथलंही दूध सुधारलं. गल्लीने त्यातून एकच गोष्ट काढली. ती गेली, आणि दूध चांगलं झालं. नळावर वहिनी म्हणाल्या, "पाहा, मी काय म्हणे!" बायका माना डोलावत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता, सुटकाच होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

शिक्षिकेला जे सुचावं तेच मला सुचलं. मी नळावरच सगळ्यांसमोर सांगितलं, "मावशी इथे नाहीत ना? मग उद्या संध्याकाळी आमच्याकडे या. मी म्हशीला ते तण खाऊ घालणार आहे. आमचं दूध पुन्हा नासेल, आणि तुमचं नासणार नाही. बघा मग."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढली. सकाळपासून बागेतून ओंजळी ओंजळी तण आणून म्हशीपुढे टाकलं. तिने ते आवडीने खाल्लं. संध्याकाळी बायका आल्या, अंगणात उभ्या राहिल्या. मी गॅसची छोटी शेगडी बाहेर आणली होती, सगळ्यांना दिसावं म्हणून. दूध तापायला लागलं आणि वास आला. पहिल्यापेक्षा उग्र. मी वर पाहिलं. मला वाटलं होतं, कोणीतरी 'खरंच की' म्हणेल.

मग वहिनींनी विचारलं, "मॅडम, तुमाले आदल्या दिवशीच कसं माहीत व्हतं, का उद्या दूध नासणार?"

"मीच तिला ते खाऊ घातलं ना, म्हणून."

"म्हणजे तुम्हीच नासवलं."

मी 'हो' म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? ते खरंच होतं. एक बाई आपल्या मुलाचा दंड धरून मागे सरकली. मग एकेक करून सगळ्या गेल्या, कोणी पाठ फिरवून घाईने नाही, हळूहळू, माझ्यावरची नजर न काढता. शेगडीवर दूध उतू गेलं आणि मला गॅस बंद करायचंही सुचलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला शब्दांत नीट सांगता येत नाहीत, कारण घडलं असं काहीच नव्हतं. माझ्याकडे रविवारी शिकायला चारपाच मुली यायच्या, त्या यायच्या थांबल्या. एकीला ताप होता, एकीच्या घरी पाहुणे होते. नळावर मी गेले की बोलणं मध्येच थांबायचं. एकदा स्कूटीच्या हँडलला काळा दोरा गुंडाळलेला सापडला. नवरा म्हणाला, "आता त्या झाडाचं नाव काढू नकोस. विसरतील." रस्त्याने जाताना मावशींच्या दाराला कुलूप दिसायचं, उंबऱ्याबाहेरची रेघ पुसट होत चाललेली. पहिल्यांदाच मला कळलं की त्या तिथे बसून, हात गुडघ्यांवर ठेवून, काय बघत होत्या. माणसं बघत होत्या. रोजचीच.

या सगळ्यात सासूबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. मग एका दुपारी त्या डोक्यावर पदर घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. "चाल. मले दाखव ते."

मी त्यांना बागेत नेलं. त्या वाकून बसल्या, एक फांदी उपटली, उलटीपालटी करून पाहिली. भिंग दिलं तर नको म्हणाल्या. दोन पानं तोंडात टाकली आणि चावली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखटानेच आलं असेल. बराच वेळ त्या चावत राहिल्या.

"हाळीव," त्या म्हणाल्या.

"हाळिवाचंच भावंड आहे, आई."

त्या तशाच चिखलात बसल्या. "माह्या बाळंतपणात माहेरचं कोणी आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तिनं मले हाळिवाचे लाडू करून देले. रोज आपल्या हातानं खाऊ घाले. अन मी दार लावलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मले माहीत व्हतं, तिनं काही केलं नाही म्हणून. पण मले वाटलं, दार उघडलं तर आपल्याच घरावर येईन." आणि थोड्या वेळाने, "ते तर आलंच."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी नेपानगरला गेलो. मावशींच्या मुलीचं घर दोन खोल्यांचं, दारात तुळस. मावशी ओट्यावर भाजी निवडत होत्या. सासूबाईंना पाहून त्या उठल्या नाहीत, पण बाजूची परात सरकवून जागा केली. दोघी शेजारी बसल्या आणि भाजी निवडायला लागल्या. मुलीने पिशवीच्या दुधाचा चहा आणला.

"चाल घरी," सासूबाई म्हणाल्या. "मी सगळ्यांले सांगीन. तुह्या दारात बसीन मी."

"तू बसशीन," मावशी म्हणाल्या. "किती दिवस बसशीन? पुढं कोणाची गाय आटंन, कोणाचं लेकरू आजारी पडंन. मंग ते पहिल्यांदा कोणाच्या दाराकडं पाहतीन?" त्यांनी बशीत चहा ओतला, पण तोंडाला लावला नाही. "एक डाव गाव सोडलं. डाव डाव नाही सोडवत माह्याच्यानं."

सासूबाईंनी पुन्हा आग्रह केला नाही. निघताना त्या वाकायला लागल्या, मावशींनी त्यांचे खांदे धरून वर केलं. "येत जा," एवढंच म्हणाल्या. सासूबाई महिन्यातून एकदा जातात. मावशी परत आल्या नाहीत.

गेल्या थंडीत ते तण पुन्हा उगवलं, पहिल्यापेक्षा दाट. आम्ही फुलावर यायच्या आत उपटत होतो, तरी उगवत होतं, मातीतल्या बंद दाण्यांमधून. नाल्याच्या कडेच्या सगळ्या बागांत बायका विळे घेऊन तेच तण काढताना मी पाहिल्या. वहिनीही. आता तिकडे कोणी जनावर बांधत नाही. कोणाला विचारलं तर म्हणतात, "ते हिरवं चांगलं नसते." हे कधी कळलं, कसं कळलं, यावर कोणी बोलत नाही, आणि मावशींच्या घरावरून जाताना अजूनही रस्त्याच्या पलीकडून जातात.

या वर्षी गल्लीत एक बारसं होतं. आमच्या घरी बोलावणं आलं, सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून मी एकटीच गेले. झबलं-टोपडं नेलं होतं. मला पाट दिला, हळदीकुंकू लावलं, घुगऱ्यांची वाटी हातात दिली. सगळं रीतसर. पाळणा मधल्या खोलीत होता, तो रिकामा होता.

"बाळ?" मी विचारलं.

"आत झोपलंय, मॅडम," बाळाची आजी म्हणाली. "आत्ताच डोळा लागला."

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. आम्ही दोघी तो ऐकत एकमेकींसमोर बसून राहिलो. ती माझ्याकडे पाहून हसली, मीही हसले. मग मी घुगऱ्या संपवल्या, झबलं पाळण्यात ठेवलं आणि घरी आले.